योगिताच्या अंगात काय आलं

आमच्या भाऊबंदकीत अजून बोलतात की त्या वर्षी कानबाईच्या सणाला योगिताच्या अंगात देवी आली होती. बोलणाऱ्याचं तोंड मी धरत नाही. पण मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

योगिता माझी थोरली सून. ललितची बायको. ललित सुरतेत पांडेसऱ्याला, कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये होता. श्रावण लागला त्या आठवड्यात ओल्या कपड्याबरोबर त्याचा उजवा पंजा रोलरमध्ये गेला. चूक कोणाची ते मिलवाले आणि पोलीस बघतील, मला त्यातलं कळत नाही. दवाखान्यात पंजा शिवला, पण तो धरला नाही. काळा पडत चालला. कानबाईच्या रविवारी सकाळी डॉक्टरने सरळ सांगितलं की विष वर चढतंय, हात कोपराखालून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. ललित तापात, त्याला शुद्ध नाही. बायकोने संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगावं.

योगिता डॉक्टरकडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे. धाकटा योगराज दवाखान्यात थांबला आणि मी तिला घरी घेऊन आले. आमच्या घरी त्या वर्षी कानबाई बसायची होती. पोरगा दवाखान्यात असताना देवी कशाला मांडता, असं शेजारची गुजरातीण म्हणाली. मी तिला म्हटलं, तुमच्या घरचा गरबा बंद झाला की मला सांगा.

रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची मूठ टाकतात. ललितच्या नावाची मूठ योगिताने टाकली. तेव्हा तिचा हात स्थिर होता. मला वाटलं, पोरगी घट्ट आहे. दिसतं तसं नसतं हे मला कळायला हवं होतं, पण पुरण शिजत होतं आणि घरात माणसं भरली होती.

संध्याकाळी चौरंगावर नारळाची कानबाई मांडली, नथ घातली, आरती झाली. खोली केवढी, तर आपली उधन्याची खोली, त्यात सगळं भाऊबंद. कापराचा धूर, टाळ्या, वर पंखा बंद, कारण दिवा विझतो. योगिता माझ्या बाजूला रोटाची कणीक मळत होती. तिने मळणं थांबवलं. खांदे कानांपर्यंत वर गेले. श्वास आत जायचा, बाहेर येईना. मग सगळं अंग थरथरायला लागलं, अंबाडा सुटला, डोळे उघडे पण कोणाकडे नाहीत.

प्रमिलाबाई, माझी जेठानी, म्हणजे थोरली जाऊ, तिने हे सगळ्यांआधी पाहिलं. तिला अशा गोष्टी आधी दिसतात. तिने हात जोडले आणि म्हणाली, "माय ऊनी." आई आली. झालं, टाळ्या वाढल्या. कोणी कपाळावर कुंकू लावलं, कोणी पाय धरले, कोणी खणाचा तुकडा मांडीवर टाकला. बायका जितक्या जवळ सरकत होत्या तितका त्या पोरीचा श्वास वर अडकत होता. आमच्यात अंगात येणं नवीन नाही. प्रमिलाबाईच्या स्वतःच्या अंगात येतं, आणि खरंखुरं येतं का ते मी कधी विचारलं नाही. पण जिच्या अंगात येतं ती उतरल्यावर सैल पडते, घाम पुसते, चहा मागते. ही पोरगी बुडत होती.

मग धुडकू आबा पुढे आले. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, भाऊबंदकीत वडील तेच. माणूस वाईट नाही. सकाळपासून त्यांनाही अन्न गेलं नव्हतं. हात जोडून त्यांनी देवीला विचारायला सुरुवात केली. पोरावर संकट आहे, डॉक्टर हात तोडा म्हणतो, आई, तू सांगशील तसं करू. हात ठेवायचा की काढायचा, तूच बोल.

टाळ्या थांबल्या. सगळे योगिताच्या तोंडाकडे बघायला लागले.

मी त्या वेळी काय विचार केला ते सांगते. ज्या पोरीला दिवसभर एक शब्द सुचला नाही तिच्या तोंडून आता जे काही निघेल ते देवीचं ठरणार. ती नाही म्हणाली तर कोणी ललितला हात लावू देणार नाही आणि ललित मरेल. आणि मग ही आयुष्यभर म्हणेल की मी बोलले. तिला एवढं माहीत असेल की त्या घटकेला तिच्यात देवी नव्हती.

मी आबांना म्हटलं, "आबा, मांगे सरका. ती देवी नहीं, मनी सून शे. घाबरनी शे."

प्रमिलाबाईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चौरंगाला लाथ मारली. "शेवंता, देवीसमोर तोंड आवर."

"देवीनं ऐकू दे," मी म्हटलं. "तिनं पोरं वाढवेल शेतस, तिले कळस."

बायकांना ढकलावं लागलं. दोघींना मी चांगलं ढकललं, त्या अजून बोलत नाहीत. मग योगितासमोर उकिडवी बसले आणि तिचे दोन्ही घोटे धरून टाचा फरशीवर दाबल्या. तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. अशा वेळी डोळ्यांत बघितलं की माणूस अजून भितो.

हे मला कोणी बाबाने शिकवलं नाही. माझे मालक वारले तेव्हा मी लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, सुताचे बॉबिन भरायला लागले. खात्यात आवाज असा की डोक्यातलं काही ऐकू येत नाही, आणि डोक्यात त्या वेळी ऐकावं असं काही नव्हतंही. एक दिवस माझ्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. शेजारच्या मशीनवरच्या बाईने माझ्या पायावर पाय दिला आणि फक्त एवढं विचारलं, टाचेला काय लागतंय. सिमेंट लागत होतं. सगळे साचे, म्हणजे माग, चालतात तेव्हा खात्याची जमीन हलते, आणि तिथली जुनी माणसं कानाने नाही, टाचेने ओळखतात कोणता साचा थांबला. मी तिथेच लक्ष ठेवलं. दुःख गेलं नाही. पण मी कुठे उभी आहे ते कळलं, आणि बोटं मशीनमध्ये गेली नाहीत.

मी योगिताला विचारलं, "तुना पाय कोठे शेतस?"

तिला ऐकू गेलं नाही. मी घोटे आणखी दाबले आणि परत विचारलं.

"जमिनीवर," ती म्हणाली. योगिता सुरतेत जन्मलेली, तिला अहिराणी समजते पण उत्तर मराठीत येतं, रागावली की गुजरातीत.

"जमीन कशी शे?"

"थंड." मग थोड्या वेळाने, "ओली आहे. पीठ सांडलंय."

"पीठ कोठे लागस?"

"अंगठ्याला."

मी कणकेची परात उचलून तिच्या मांडीवर ठेवली. मागे कोणीतरी हाय केलं, रोटाची कणीक अशी कोणी हलवत नाही. जड होती, सगळ्या भाऊबंदांची होती. तिला म्हटलं, वजन घे, खांद्याने नको, मांडीने घे. खांदे खाली आले. दात आवळलेले होते, ते सोडायला सांगितलं. जीभ कुठे टेकलीय ते विचारलं. तिने सांगितलं, टाळूला. तिला राग आला होता असल्या प्रश्नांचा, आणि राग आला म्हणून मला बरं वाटलं. श्वास बाहेर आला. लांब, आवाज करत. मग परत.

मी तिला सावरायला वेळ दिला. आबा उभेच होते, हात अजून जोडलेले. त्यांना मी बसा म्हटलं. पंखा लावला. दिवा विझला तर परत लावता येतो.

मग तिला म्हटलं, आता जो प्रश्न सकाळपासून आहे तो तुझाच आहे. मी आई आहे, माझं मत मी देऊ शकते, पण डॉक्टर तुझं मागतो. आत्ता जमत नसेल तर चहा पी, मग सांग. पण तुझ्या तोंडाने सांग.

योगिताने परात बाजूला ठेवली. कपाळावरचं कुंकू डोळ्यात उतरत होतं ते पुसलं.

"काढू द्या हात," ती म्हणाली. "मला माणूस पाहिजे." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "रिक्षा बोलवा, मी जाते. फोनवर नाही सांगत."

मी तिच्याबरोबर गेले. प्रमिलाबाईने रोट भाजले, देवीपाशी रात्र काढली, सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन विसर्जनाला तापीवर तीच गेली. ते काम तिने मनापासून केलं, त्यात मी खोट काढणार नाही.

ललितचा हात काढला. ताप उतरला. शुद्धीवर आल्यावर पहिले काही दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग योगराजला विचारायला लागला, कोणी परवानगी दिली, माझ्यासाठी का नाही थांबलात. योगराज इकडचं तिकडचं बोलून बाहेर पळायचा.

अशात प्रमिलाबाई भेटायला आली, फळं घेऊन. ललितच्या उशाशी बसून तिने त्याला सगळं सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. कशी आई आली, कशी योगिताच्या तोंडून बोलली, हात दे पण जीव ठेव म्हणाली. ऐकायला चांगलं होतं. ललितचा चेहराही जरा सैल झाला. देवीने नेलेला हात बायकोने दिलेल्या हातापेक्षा सोपा. मला वाटलं, एवढ्याने पोराला झोप येत असेल तर येऊ दे.

योगिता मोसंबी सोलत होती. तिने मोसंबी खाली ठेवली.

"काकू, देवी काही बोलली नाही," ती म्हणाली. "मी बोलले." मग ललितकडे वळून, "मी सांगितलं काढा म्हणून. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

ललित तिच्याकडे बघत राहिला. प्रमिलाबाईने तोंड उघडलं. मी तिचा दंड धरला, उठवलं, आणि खाली चहा प्यायला घेऊन गेले. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. चहा बराच वेळ पुरवला.