मधली शिवण

मी सिनेमाचा बॅनर बोलतोय, पण अर्धाच. दुसरं अर्धं कुठे गेलं ते ओघानं येईलच. सध्या मी परळच्या एका चाळीतल्या खोलीत पडदा म्हणून लटकतो. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला शामरावांची खाट. एके काळी अख्खं लालबाग मान वर करून माझ्याकडे बघायचं. आता ओले हात पुसायचे असले की माझी आठवण होते.

माझा जन्म इथल्याच गिरणीतला, मांजरपाट म्हणून. गिरणीच्या कापडाचा पन्हा तो केवढासा! बॅनरला एक पट्टा पुरत नाही, दोन पट्टे मधोमध जोडावे लागतात. ते जोडून घ्यायला टॉकीजचा पेंटर रघू आम्हाला शामरावांच्या खोलीवर घेऊन आला. शामराव मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. त्यांची थोरली मुलगी कौसल्या घरी शिवणाचं मशीन चालवायची.

"दुहेरी टीप घाल हां," रघू दारातूनच म्हणाला. "वाऱ्यात उसवतो हा."

"माझी टीप उसवत नाही," ती मान वर न करता म्हणाली.

मग दर बॅनरच्या वेळी काही ना काही उसवायला लागलं. टॉकीजमागच्या पडवीत रघू आम्हाला रंगवायचा. तिथं कौसल्या सुईदोरा घेऊन यायची आणि जिथं काही झालेलं नसे तिथं टाके घालत बसायची. मी कापड असलो तरी मला एवढं कळत होतं.

आमच्या टॉकीजला जादूचे सिनेमे लागायचे. म्हणून माझ्या अंगावर कायम जोडपंच. डाव्या पट्ट्यावर ती, उजव्या पट्ट्यावर तो, आणि मधल्या शिवणीवर दोघांचे हात एकमेकांत. त्यामुळे शिवण झाकते, असं रघू म्हणायचा. आधी नागकन्या आणि लाकूडतोड्या आले. त्यांच्यावर पांढरा रंग फासून अदृश्य होणारा तरुण आणि वजिराची मुलगी आली. लोक ही जोडपी वर्षानुवर्षं विसरत नसत. नळावर बायका नागकन्येच्या सासूला शिव्या घालत. नागकन्या शेवटी माप ओलांडून झोपडीत आली, तेव्हा शामराव टोपीनं डोळे पुसत बाहेर पडले होते. नागीण सून म्हणून चालली बरं का. तिचं विष चाललं, तिची कात चालली. सिनेमातली सगळी लग्नं आपल्या लोकांना पसंत असतात, कारण जेवणावळ दुसऱ्याच्या दारात असते.

मग चंद्राच्या राणीचा सिनेमा आला. धरतीवरचा एक वैमानिक चंद्रावर पोचतो आणि तिथल्या राणीला विमानात घालून घरी आणतो, अशी गोष्ट. कंपनीकडून नटनट्यांचे फोटो यायचे ते वेळेवर आलेच नाहीत. टॉकीजचे मॅनेजर अप्पा घाई करत होते. रघूनं वैमानिक कसातरी उरकला. राणी मात्र त्यानं जीव ओतून काढली आणि ती हुबेहूब कौसल्या झाली. डाव्या भुवईवर लहानपणीच्या खोकेची खूण होती, तीसुद्धा त्याच्या कुंचल्यातून उतरली. चंद्रावरच्या राणीला चाळीच्या जिन्यावर पडल्याची खोक कुठून येणार? पण त्याला दुसरा चेहरा येतच नव्हता.

मला वर चढवलं आणि चाळ लोटली. सगळ्यांत पुढे शामराव.

"आमच्या कौशीचा तोंड बघा," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत होते. "भुवयेवरची खोक पण तीच. पेंटरच्या हातात देव असा."

"देव कसला," अप्पा कौतुकानं म्हणाले. "आमचा रघू तो. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला. ज्यांनी बौद्ध धर्म घेतला ना, त्यांच्यातला."

शामरावांचा वर केलेला हात हळूच खाली आला. ते गर्दीतून निघून गेले. चित्र तेच होतं, रंग ओलासुद्धा होता, पण त्यातला देव तेवढ्यात निघून गेला होता.

पुढचं मी पडवीत ऐकलं. सिनेमा उतरला, मला खाली काढलं, आणि रघू शामरावांना भेटून आला होता. काय झालं ते तो अप्पांना सांगत होता.

"मी म्हटलं, काका, मोर्चात आपण खांद्याला खांदा लावून चालतो. तर म्हणाले, मोर्चो रस्त्यावर असता, घर घरात असता. वर म्हणाले, तू पोरगो चांगलो, पण माझ्या मागच्या दोन पोरींका मग कोण विचारतलो?"

अप्पांनी विडी विझवली आणि ते तिकिटांचा हिशेब बघायला आत गेले. माणसं अशा वेळी फार कामात असतात.

दुसऱ्या दिवशी कौसल्या आली. या वेळी सुईदोरा नव्हता.

"आपण कोर्टात लग्न करू," रघू म्हणाला. "उद्या म्हणशील तर उद्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्या राणीनं विमानात बसताना घरी बहिणी ठेवल्या नव्हत्या रे."

"त्या वैमानिकालापण कुणी आडनाव विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

ती गेली. मला वाटलं होतं, परत येईल. माझ्यावरच्या सगळ्या जोडप्यांचं शेवटी जुळलं होतं, म्हणून मलाही वाटलं. मूर्ख मी.

त्याच आठवड्यात समितीचा मोर्चा होता आणि कापड हवं होतं. रघूनं मला पांढरं केलं. पण दर वेळचा तेलाचा रंग घेतला नाही, खडू आणि सरस कालवून पातळ हात दिला. राणीवर पक्का रंग फासायला त्याचा हात धजला नाही. वर ठसठशीत अक्षरं काढली: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मोर्चात माझा एक बांबू रघूच्या हातात आणि दुसरा, योगायोग बघा, शामरावांच्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. अक्षरं नीट दिसावीत म्हणून दोघं मला सारख्याच जोरानं ताणत होते. दोघांचेही गळे बसले. एवढे एकदिलानं ओरडणारे लोक मी पुन्हा पाहिले नाहीत.

साठ सालच्या मे महिन्यात राज्य मिळालं. चाळीनं मला हौसेनं कमानीवर लावलं, पेढे वाटले, फटाके वाजले. पण मे महिन्याचं ऊन खडू आणि सरसाला सोसवेना. पापुद्रे सुटायला लागले. "संयुक्त" या शब्दाच्या मागून आधी खोक असलेली भुवई निघाली, मग डोळे, मग सबंध कौसल्या. त्याच पंधरवड्यात तिचं लग्न ठरलं होतं, कॉटन ग्रीनच्या एका गोदामातल्या कारकुनाशी.

शामरावांनी मला उतरवून खोलीत आणून टाकलं. "शिवलंस तू," ते मुलीला म्हणाले, "आता उसव पण तूच."

राधाबाई, तिची आई, मध्ये पडली. "अहो, लग्नघरात कातर कशाला..."

"कातर नको आई," कौसल्या म्हणाली. "सुईनंच काढते."

टीप दुहेरी होती. पहिली ओळ निघाली, की खाली दुसरी तशीच घट्ट. सारी दुपार ती एकेक टाका उचलत बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वैमानिकाचा पट्टा लग्नाच्या मांडवात दाराशी अंथरला. पाहुण्यांनी चपला काढल्या त्या त्याच्या तोंडावर. मांडव उठला तेव्हा चिखलानं भरलेला तो पट्टा कुणीतरी कचऱ्यात टाकला. हे माझं दुसरं अर्धं. मला मात्र धुऊन इथं टांगलं, राणीचं तोंड चुलीकडे करून.

वाचकहो, मला दया नको. फक्त पुढच्या वेळी परग्रहावरच्या कुणा सुंदरीचं लग्न बघून तुमचे डोळे भरून आले, तर घरी जाताना ते पुसू नका. तसेच ओले घेऊन आपल्या घरात एकदा बघा.

परवा कौसल्या गौरीला माहेरी आली होती. राधाबाईंनी तिला मला धुवायला दिलं. शिवण सुटली तरी गुंफलेले हात सरळ फाटत नाहीत. राणीच्या मुठीत वैमानिकाची चार बोटं माझ्याच पट्ट्यावर राहून गेली आहेत. राधाबाईंना ती त्या दिवशीच दिसली.

"हे काय गो? घासून टाक."

कौसल्यानं ब्रश खाली ठेवला आणि त्या बोटांवर आपला ओला हात टेकवला.

"तेलाचा रंग आहे, आई," ती म्हणाली. "नाही जात."