लामाराबाईंच्या टेबलावर

मी हरिहर यांचा जेवणाचा डबा बोलतोय. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, बाजूंना कड्या असलेला. वीस वर्षांत माझ्यातून कधी आमटी सांडली नाही, की कुणाच्या पिशवीला तेल लागलं नाही. डबा म्हणून माझ्यात खोट काढायला जागा नाही. तरीही एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते म्हैसूरच्या देवराज मार्केटजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात. हरिहर आणि कमलिनी तेव्हा नुकतेच साताऱ्याहून इथे राहायला आले होते. हरिहरला कडकोळच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. कमलिनीनं मला उचललं, दोन्ही कड्या लावून पाहिल्या, उलटा करून हलवलं आणि म्हणाली, "हा चालेल." दुकानदाराला देवनागरी येत नव्हती, म्हणून तिनं कागदावर 'हरिहर' असं काढून दिलं आणि ते माझ्या झाकणावर घालून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. सकाळी सातला भरायचं, कंपनीच्या बसमधून कडकोळला जायचं, साडेबाराला उघडायचं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बिसी बेळे भात, रागी मुद्दे म्हणजे नाचणीचे गोळे, आमटीसारखं पातळ सारू असं सगळं गरम गरम मिळायचं. हरिहरच्या शेजारी बसणारे श्रीनिवासराव रोज आपलं ताट पुढे सरकवायचे. "सार, ओंदु सला टेस्ट माडि," म्हणजे एकदा चव तरी घ्या. हरिहर हसून मान हलवायचा आणि माझ्या कड्या काढायचा. पहिला घास पोटात गेला की त्याचे खांदे सैल पडायचे. ते पाहून मला फार बरं वाटायचं.

त्याच्या या हट्टामागे कारण होतं. कॉलेजात असताना वसतिगृहाबाहेर कुठेतरी खाल्लं आणि त्याला कावीळ झाली. अख्खं वर्ष गेलं. आईनं चार महिने पेजेवर ठेवून त्याला उभं केलं. तेव्हापासून बाहेरचं अन्न म्हटलं की तो आधी त्यात काय काय असेल याचाच विचार करायचा.

कमलिनी अगदी उलट. गोकुलममधल्या आमच्या घरी भवानीबाई ब्लाउज शिवून आणून द्यायच्या. त्या अग्रहार भागातल्या, म्हैसूरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. "आमच्याकडं येऊन ऊट करून जावा की," असं त्या म्हणाल्या आणि कमलिनी खरंच जेवायला गेली. रागीचा गोळा न चावता गिळायला शिकून आली. भवानीबाई म्हणायच्या, "तुम्ही सगळं खाता बघा. यजमान तेवढे भारी हठमारी." कमलिनी हसायची, पण हरिहरच्या पानात मात्र त्याला हवं तेच वाढायची. घरात दोन चुली नकोत, असं तिचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मुलगी अवनी बंगळुरूला नोकरी करते. तिनं दोघांसाठी जॉर्जियाची आठ दिवसांची सहल ठरवली. कमलिनी महिनाभर फोनवर तिथल्या जेवणाचे व्हिडिओ बघत होती. 'धन्यवाद'ला तिथे 'मादलोबा' म्हणतात, हे तिनं पोळ्या लाटता लाटता पाठ केलं. हरिहर दुसरी यादी करत होता. दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी, गरम पाण्यात भिजणारे पोहे. निघायच्या दिवशी कमलिनीनं मला दशम्यांनी भरलं. भरताना ती म्हणाली, "पहिल्या दिवसापुरत्या हं. मग तिथलं खायचं." हरिहर बॅगेची चेन लावत होता.

तिबिलिसीच्या बाजारात अक्रोड दोऱ्यात ओवून, द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेल्या माळा टांगलेल्या होत्या. मेणबत्त्यांसारख्या दिसत होत्या. विकणाऱ्या बाईंनी एक तुकडा कापून कमलिनीच्या हातावर ठेवला. "उघड्यावर टांगलंय ते," हरिहर हळूच म्हणाला. कमलिनीनं तो तुकडा थोडा वेळ बोटांत धरला आणि परत ठेवला. मी बॅगेत होतो. दोन दशम्या आणि थोडी चटणी माझ्यात शिल्लक होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका खेड्यात मुक्कामाला गेलो. घर लामाराबाईंचं. साठी उलटलेली, भरल्या अंगाची बाई, कमरेला निळा एप्रन. अंगणात द्राक्षाच्या वेलाचा मांडव आणि त्याखाली लांब टेबल. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा ते टेबल भरलेलं होतं. मातीच्या मडक्यात राजम्यासारखी घेवड्याची उसळ, मक्याच्या जाड भाकऱ्या, अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळलेली वांगी, वर डाळिंबाचे दाणे. शेजारी पोपटी रंगाचं कसलंसं सरबत.

"अहो, सगळं शाकाहारी आहे," कमलिनी म्हणाली. "अवनीनं आधीच कळवलं होतं त्यांना."

"तेल कसलं असेल? आणि त्या सरबताचा रंग बघ."

"सकाळपासून राबल्यात त्या आपल्यासाठी."

"अजून पाच दिवस फिरायचंय, कमल. तुझं पोट बिघडलं तर इथे मी कुणाला शोधू?"

त्यानं मला बॅगेतून काढलं, त्या भरल्या टेबलावर मधोमध ठेवलं आणि माझ्या कड्या काढल्या. आत त्यानं सकाळीच भिजवलेले पोहे होते.

खरं सांगू? त्या क्षणी मला अभिमान वाटला. एवढ्या परक्या पदार्थांत मी एकटा ओळखीचा होतो. हरिहरला माझीच गरज होती.

तिनं तरी खायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. आता मीही म्हणतो. पण पंचवीस वर्षं ज्याच्या पोटाची काळजी वाहिली, त्याच्यासमोर बसून वेगळं जेवणं तिला जमलं नाही. एवढ्या लांब येऊन वादही नको होता. तिनं ताटात पोहे घेतले. "पुढच्या वेळी खाऊ," ती म्हणाली, पण कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

लामाराबाई भाकरीची टोपली धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मडक्याकडे. मग एप्रनला हात पुसून त्या फोनवर काहीतरी बोलल्या आणि तो कमलिनीपुढे धरला. फोननं त्याचं भाषांतर इंग्रजीत वाचून दाखवलं, "माझं काय चुकलं?"

कमलिनीचा चेहरा लाल झाला. "काही नाही, काही नाही," ती मराठीतच म्हणाली. "मादलोबा, मादलोबा." लामाराबाईंनी एकेक भांडं आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलिनी मला विसळायला त्यांच्या स्वयंपाकघरात आली. कालचं मडकं ओट्यावर होतं. तिनं झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि तिचे डोळेच मोठे झाले. "मेथी! हिच्यात मेथी आहे!" लामाराबाईंना शब्द कळला नाही, पण त्या हसल्या आणि चमचा शोधायला वळल्या. तेवढ्यात बाहेरून हरिहरची हाक आली. गाडी आली होती, ड्रायव्हर घाई करत होता. कमलिनीनं झाकण ठेवलं, मला उचललं आणि निघाली.

पुढच्या फेब्रुवारीत गोकुलममध्येच एका वळणावर वाळूवरून तिची स्कूटर घसरली. हेल्मेटचा पट्टा लावलेला नव्हता. डोक्याला मागून मार बसला. आठवड्याभरात ती हिंडूफिरू लागली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग एके सकाळी दूध करपून घरभर वास सुटला आणि ती तिथेच उभी राहून भाजी चिरत होती. तिला वासच आला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, वासाच्या नसा दुखावल्या आहेत. वर्षभरात परत आला तर आला. आता दीड वर्ष होऊन गेलं आहे.

वास गेला तशी चवही गेली. तिला खारट कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी काही नाही. "आमटी म्हणजे गरम, आंबट पाणी," ती एकदा म्हणाली. फोडणीत हिंग दोनदा पडायचा, कधी पडायचाच नाही. हरिहर वाढलेलं सगळं संपवायचा.

एक दिवस सकाळी तिनं मेथ्यांची बरणी उघडून नाकाशी धरली आणि तशीच बसून राहिली. हरिहरनं विचारलं, "काय झालं?"

"लामाराबाईंच्या मडक्यातला वास अजून डोक्यात आहे," ती म्हणाली. "चव मात्र आठवत नाही. घेतलीच नाही ना."

हरिहर त्या दिवशी माझ्यातलं अर्धं जेवण तसंच परत घेऊन आला.

गोकुलममध्ये योग शिकायला आलेली परदेशी माणसं सकाळी वर्ग सुटला की शहाळेवाल्यापाशी जमतात. मागच्या महिन्यात तिथे एका मुलीनं शहाळं हातात घेताना आपल्या मैत्रिणीला म्हटलेलं 'मादलोबा' हरिहरच्या कानावर पडलं. हा लाजाळू माणूस, आयुष्यात कधी अनोळखी बाईशी आपणहून बोललेला नाही. पण तो थांबला आणि इंग्रजीत तिला सगळं सांगून मोकळा झाला. मुलीचं नाव नीनो. ती म्हणाली, "रविवारी डबा घेऊन या, मी करून देते. मसाला आहे माझ्याकडे, आईनं दिलाय."

रविवारी मी पहिल्यांदाच रिकामा घराबाहेर पडलो. नीनोनं एका कप्प्यात घेवडा भरला, दुसऱ्यात वांगी. माझ्या पोटात कधी न शिरलेला तो वास शिरला. मला सगळं कळत होतं आणि जिच्यासाठी हे चाललं होतं तिला कळणार नव्हतं.

घरी कमलिनीनं झाकण काढलं. मग चमचाभर खाल्लं, सावकाश चावलं. हरिहर समोर उभाच होता.

"आंबट आहे," ती म्हणाली. "मऊ आहे. थोडं तिखट." पुन्हा एक चमचा घेतला आणि चमचा खाली ठेवला. "बाकी काही नाही हो."

हरिहर खाली बसला.

"तुम्ही खा," ती म्हणाली. "आणि मला सांगा."

त्यानं घास घेतला. मग दुसरा.

"कसं लागतं?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे? पोह्यांनाही तुम्ही चांगलंच म्हणता. नीट सांगा."

"मेथी आहे, पण आपल्यासारखी कडू नाही. गवत वाळल्यावर येतो ना, तसा वास आहे. कोथिंबीर आहे. आणि अक्रोडाचं तेल सुटलंय, ते जिभेवर राहतंय." तो अडखळत होता, पण बोलत होता. बोलता बोलता त्यानं तिसरा घास घेतला, चौथाही.

"आवडलं तुम्हाला?"

"हो."

"मग तिथेच का नाही खाल्लंत?"

"चुकलं माझं, कमल," तो म्हणाला. असू दे, असं ती म्हणाली नाही. तिनं दुसरा कप्पा त्याच्यापुढे सरकवला. "हे वांग्याचं राहिलंय. ते सांगा आता."

आता बहुतेक रविवारी तो मला घेऊन कुठेकुठे जातो. भवानीबाईंच्या घरून सारू आणतो, नीनोच्या मैत्रिणींनी केलेलं काहीबाही आणतो. खातो आणि कमलिनीला सांगतो. सांगायला हळूहळू जमू लागलं आहे त्याला. ती कधी हसते. कधी मधूनच उठून बाल्कनीत जाऊन उभी राहते, आणि मग तो बोलायचं थांबतो.

माझी एक कडी आता सैल झाली आहे. अवनीनं काचेचे नवे डबे आणले आहेत, माझी जागा कधीही जाईल. त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, की कधी लांबच्या गावी निघालात आणि तुमच्याबरोबरच्या माणसाला तिथलं काही खाऊन पाहायचं असेल, तर माझ्यासारख्याला घरीच फडताळात ठेवून जा. आम्हाला राग येत नाही.