दोनशे चाळीस वॅटचा डबा

कापडाच्या कारखान्यात चौतीस वर्षं मोटारी सांभाळून निवृत्त झालेल्या त्या माणसाला सगळी गल्ली वायरमनकाका म्हणायची. त्यांच्या पाळीत एकही मोटार जळली नव्हती. हे ते आपणहून कुणाला सांगत नसत. पण कुणी विचारलंच, तर सांगताना मान ताठ व्हायची.

मुलगा लोकांच्या घरगुती समारंभांचं शूटिंग करायचा आणि मागच्या खोलीत बसून व्हिडिओ जोडायचा. कॉम्प्युटर एका ऑफिसनं काढून टाकलेला, कंपनीकडून तयार आलेला. पत्रं टाइप करायला ठीक. व्हिडिओ म्हटलं की धापा टाकायचा. म्हणून एका रविवारी मुलगा नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. दोन पंख्यांचं, विटेएवढं धूड.

काका चष्मा लावून कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात डोकावले. आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायवरची चिठ्ठी वाचली आणि मग कार्डाचं खोकं फिरवून त्याची मागची बाजू वाचली.

"हा दोनशे चाळीस वॅटचा आहे. खोक्यावर निदान साडेपाचशेचा हवा म्हणून लिहिलंय."

"कंपन्या वाढवूनच लिहितात, बाबा."

"आणि कार्डाला आठ पिनांची वेगळी वायर लागते. ती आपल्या सप्लायला नाहीच."

मुलानं खिशातून एक जोडवायर काढली. "ही हार्ड डिस्कच्या वायरीत खुपसायची. सगळे तेच करतात."

"अरे, ती वायर बघ केवढीशी! डिस्क पाच-दहा वॅट खाते. हे धूड त्याच वायरीतून ओढणार. मग सप्लाय तरी बदल."

"या कंपनीच्या पिनाच वेगळ्या. बाजारातला बसत नाही." मुलानं स्क्रू आवळायला घेतले. "बाबा, हे तुमचं मोटार-स्टार्टरचं काम नव्हे. यातलं तुम्हाला नाही कळायचं."

काका तडक एकटेच कार्डाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "त्या डब्यात मोठं कार्ड चालायचं नाही, काका. लहान घ्या, वेगळ्या वायरीची गरज नसलेलं. थोडं सावकाश चालेल, पण चालेल. आठवड्याच्या आत बदलून देतो." काका घाईघाईनं घरी आले, तर कार्ड बसवून झालं होतं आणि चालतही होतं. तीन तासांचं काम चाळीस मिनिटांत उरकत होतं.

"बघितलंत?" मुलगा सुनेकडे पाहून हसला. "बाबांचं म्हणजे, साप साप म्हणून भुई धोपटणं."

सूनही हसली. काकांनी दुकानदाराचा निरोप गिळून टाकला. चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला!

बुधवारी दुपारी मुलगा जेवायला बसला होता. मागच्या खोलीत व्हिडिओ तयार होत होता. जळक्या प्लॅस्टिकचा वास आधी काकांना आला. ते धावत गेले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं, तेवढ्यात डब्यातून धुराची बारीक रेघ निघालीच. जोडवायर वितळून डिस्कच्या तोंडाला चिकटली होती. मुलानं ती ओढून काढली, डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. डिस्क फिरेचना. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड त्यानं सोमवारीच पुसून पुढच्या कामाला लावलं होतं.

त्या डिस्कवर एका शाळामास्तरीणबाईंच्या आईच्या पंचाहत्तरीचं शूटिंग होतं. समारंभानंतर बारा दिवसांनी आई गेली होती. चालती-बोलती आई शेवटची होती ती तेवढ्यातच.

शनिवारी बाई आल्या. काका आतल्या खोलीत कॉटवर पडून होते. मधलं दार लोटलेलं होतं. कानावर सगळं येत होतं.

"काहीच नाही? एक वाक्यसुद्धा?" बाईंचा आवाज फाटला.

मुलानं त्यांना खुर्ची दिली. मग हळूच म्हणाला, "काय सांगू ताई, आमचे वडील वायरमन होते. वय झालंय, पण सवय जात नाही. मी घरात नसताना डबा उघडून काहीतरी जोडलं त्यांनी."

काका उठून बसले. बाहेर जाऊन खरं सांगायला चार पावलं पुरेशी होती. ती चार पावलं त्यांनी टाकलीही. दार उघडलं. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. लहानपणी काच फोडली की असाच उभा राहायचा.

बाईंनी काकांकडे पाहिलं. "काका, कळत नव्हतं तर हात कशाला लावलात हो?"

"चुकलं, बाई," काका म्हणाले.

बाई निघून गेल्या. काकांना वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. निदान जवळ येऊन बसेल. मुलगा पायऱ्या उतरून बाईंना पोचवायला गेला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परतलाच नाही.

दोघांत त्याबद्दल पुढे कधी शब्द निघाला नाही. बाहेर मात्र निघत राहिला. मुलानं तीच गोष्ट मित्रांना सांगितली, सासरी सांगितली, आणि दर खेपेला ती त्याच्या तोंडात घट्ट बसत गेली. सुनेला खरं ठाऊक होतं; तीही काही बोलली नाही. दोन महिन्यांनी मोठ्या सप्लायचा नवा कॉम्प्युटर आला. बसवायला आलेल्या माणसासमोर मुलगा अगदी सहज म्हणाला, "बाबा, याला हात नका लावू हं. मागच्या वेळचं आठवतंय ना?"

काकांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे लाज नव्हती, भीती नव्हती. पोराला ते खरंच वाटायला लागलं होतं.

पुढच्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला दिवा फडफडू लागला. बटणाच्या मागचा स्क्रू ढिला, दोन मिनिटांचं काम. काका पेचकस घेऊन स्टुलावर चढले, तोच सून म्हणाली, "राहू द्या, बाबा. यांनी बाहेरचा वायरमन बोलावलाय."

काकांनी पेचकस ठेवला आणि स्टूल रिकामं करून दिलं.