तार नरम झाली

अमरावतीच्या प्रयोगशाळेतून माधवीनं आनंदाच्या भरात अकोल्याला घरी फोन लावला आणि तिथंच घोळ झाला. "आई, नरम झाली एकदाची!" एवढं बोलली आणि फोन कटला. आता वऱ्हाडात माणूस नरम म्हणजे आजारी, हे त्या तारेच्या नादात असलेल्या पोरीच्या ध्यानात कुठून यायचं!

दुपारी प्रयोगशाळेच्या दारात तिचे वडील, मोतीराम. माधवी उडालीच. कपाशीच्या बियाण्यांच्या जाहिरातींनी गावोगावच्या भिंती रंगवणारा हा पेंटर, हात थरथरायला लागल्यापासून जठारपेठेतल्या घराबाहेर पडत नव्हता. चारचौघांत चहासुद्धा घेत नव्हता, इतकी त्याला त्या हाताची लाज. आणि आज एसटीनं एकटा आलेला. हातात डबा, सदऱ्यावर वरणाचे ओघळ.

"तुई आई म्हणे, पोरगी नरम आहे."

"मी नाही बाबा, माई तार नरम झाली!"

हसत तिनं त्यांना आत नेलं. काचेच्या भांड्यातल्या मेंदूसारख्या मऊ जेलीत केसाएवढी पट्टी होती. हाताची थरथर थांबवायला डॉक्टर मेंदूत विजेची बारीक तार बसवतात. पण मेंदू सारखा हलत असतो. कडक तार त्याला टोचते, भोवती वण धरतो आणि काही वर्षांत ती निकामी होते. ही पट्टी साखरेच्या लेपानं ताठ करून आत घालायची. लेप विरघळला की ती नरम होते आणि मेंदूबरोबर हलते. ते आज पहिल्यांदा साधलं होतं.

मोतीरामांनी थरथरता हात पुढं केला. "हे थांबंल यानं?"

याच प्रश्नाला माधवी भीत होती. डॉक्टरांनी बाबांना नेहमीची तार बसवायला नकार दिला, तेव्हापासून तिनं हा ध्यास घेतला होता. खोटं बोलावं असं फार वाटलं.

"थांबू शकते. पण माणसाच्या डोक्यात जायले अजून लई वर्षं लागतील, बाबा. तुमच्यासाठी... नाही होणार." आणि तिला रडूच फुटलं.

"येडी! रडून काहून राहिली? मी काय तारेसाठी आलो? तू नरम आहे म्हणून आलो."

मग दोघं कॅन्टीनमध्ये गेले. भोवती पोरापोरींची ही गर्दी. माधवीनं सवयीनं त्यांचा कप अर्धाच भरला.

"पुरा भर," मोतीराम म्हणाले. "सांडला तं सांडला."