तांडेलाचा उलटा हात

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की आधी हार, मग पेढे, आणि चालवायला शिकायचं ते जमेल तेव्हा! लायसन्ससुद्धा एजंट घरी आणून देतो. मांडवीच्या आत्माराम तांडेलांनी २००६ साली तेच केलं. साखरेच्या आजारात त्यांचे दोन्ही पाय गेलेले. मुलाने दुबईहून बॅटरीवर चालणारी खुर्ची पाठवली. हार घातला, बसले, हाताजवळची चालवायची दांडी ढकलली आणि खुर्ची थेट बायकोच्या पायावर!

"खुर्चीच उलटी बनवलीय मेल्यांनी!" ते गरजले.

मथुराबाईंचा अंगठा काळानिळा झाला. दोन वर्षं नवऱ्याला उचलून त्यांची कंबर आधीच गेली होती. त्यात पाच वर्षांची नात राही दिवसभर खुर्चीभोवती धावणारी.

"शिकायला चला," त्या कडाडल्या, "नायतर त्या खुर्चीवर मी बांगडे सुकत घालीन!"

अपंग केंद्रात अक्षया नावाची मुलगी शिकवत होती. तिने आत्मारामांच्या डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला. त्यात संगणकातली गल्ली दिसे आणि हातातली दांडी हलवली की आपण तिथून खुर्चीच चालवतोय असं वाटे.

"पोरांचे खेळ! चाळीस वर्षं दर्यात सुकाणू धरलं मी. कालची पोर तू, माला शिकवनार?"

"आपटायचंच असेल तर इथे आपटा, काका. इथे कुणाला लागत नाही."

चष्म्यातल्या गल्लीत डावीकडून एक लहान मुलगी धावत आली. आत्मारामांनी झटकन दांडी ढकलली. खुर्ची मुलीच्या अंगावर गेली!

त्यांनी चष्मा ओरबाडून काढला. "मशीन खोटं बोलतंय! मी उजवीकडं वळवत होतो!"

"दांडी कुठे ढकललीत?"

"डावीकडं. सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं जाते. एवढंपन माहीत नाय तुला?"

"होडी जाते. ही खुर्ची मात्र दांडी ढकलाल तिकडेच जाते."

आत्मारामांनी मान वळवली. आजीबरोबर आलेली राही दाराशी उड्या मारत होती.

"नवशिक्याला नुसतं शिकायचं असतं," अक्षया म्हणाली. "तुम्हाला आधीचं विसरायचंही आहे. घाई झाली की हात जुनंच करतो. म्हणून तर हा चष्मा."

"किती दिवस?" त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

सव्वा महिना लागला. रोज शिव्या, रोज भांडण, रोज चष्म्यातल्या भिंतींना धडका. मग एके सकाळी आत्माराम घराबाहेर खुर्ची चालवत असताना राही चेंडूमागे डावीकडून आडवी आली. दांडी उजवीकडे गेली! खुर्ची वळली आणि गडग्याच्या दगडांना घासून थांबली.

"माझा अंगठा मात्र फुकट गेला," मथुराबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

मंडळी, जाणत्या माणसाला शिकायची लाज वाटते आणि ती लाज दुसऱ्याच कुणाला तरी भोवते. आत्मारामांच्या खुर्चीखाली आलेली मुलगी संगणकातली होती. आपल्या गल्लीतल्या मुली संगणकातल्या नसतात.