ताडगूळ चालतो

बाबुरावच्या लघवीत साखर आहे हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं. परळच्या इस्पितळात मी बावीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या. डॉक्टरांच्या पाठीमागून बघत बघत तपासणीही शिकलो. रिटायर झाल्यावर चार नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली विकत आणली. औषधात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर भरपूर. चाळीने नाकं मुरडली. मुरडू देत, मी कोणाच्या घरी जेवायला जात नव्हतो.

नागपूरहून दीक्षा घेऊन परतलो आणि चार महिन्यांत माझी बायको मीराबाई गेली. मुलगा भुसावळला, रेल्वेत. दोन महिन्यांनी त्याचं कार्ड यायचं, त्यात पावसापाण्याची चौकशी. दिवसच्या दिवस माझ्या तोंडातून शब्द निघत नसे.

बाबुराव तेवढा यायचा. गिरणीत साचेवाला, म्हणजे माग चालवायचा, पाळी दुपारची, म्हणून सकाळी कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन हजर. नळी उकळून निवेपर्यंत बसायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत कोण गरजला, खात्यात कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं सांगायचा. मी नुसता हूं हूं करायचो. त्या अर्ध्या तासावर माझा दिवस निघायचा.

डॉक्टरांनी त्याला इन्शुलिनची सुई लावली आणि साखर तोडली. नळी विटकरीची पिवळी, पिवळीची हिरवी झाली. एक दिवस निळीच राहिली. आता रोज नको, महिन्यातून एकदा आण, असं सांगायची वेळ आली होती. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. तेवढ्यात त्यानेच विचारलं.

"कोंडीराम, खादीच्या दुकानात ताडगूळ मिळतो. झाडाचा रस तो, कारखान्याची साखर नाय. चहात चालंल ना?"

हा सवाल मी वॉर्डात शंभरदा ऐकला होता आणि उत्तरही. मध घ्या, गूळ घ्या, ताडगूळ घ्या, रक्तात गेल्यावर सगळी साखरच. झाडाची की कारखान्याची, हे इन्शुलिन विचारत बसत नाही.

"चालतो," मी म्हणालो.

आठवड्याभरात नळी पुन्हा विटकरी झाली. डॉक्टरांनी सुई वाढवली, तरी रंग हलेना. बाबुराव घाबरला. रविवारी दोन-दोनदा येऊ लागला, तासतासभर बसू लागला. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं.

मग एका मोर्चात त्याच्या चपलेचा अंगठा तुटला आणि टाचेत काच घुसली. बोटभर जखम, पण तीन आठवडे झाले तरी भरेना. कडा काळ्या पडल्या. त्या सकाळी तो भिंत धरत आला, बाटली ठेवली आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, साखर उतरली नाय तर पाय काढायला लागंल. साच्यावर एका पायानं कसा उभा राहू रे?"

मी दिवा पेटवला नाही.

"ताडगूळ बंद कर."

"तूच म्हणाला होतास, चालतो."

"नाही चालत. साखरच ती."

"आता कळलं तुला?"

हो म्हणून सुटता आलं असतं. जीभ वळली नाही. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हणालो.

"मग?"

"तुझी नळी निळी राहिली असती तर तू कशाला आला असतास?"

त्याने वाकून पायाची सैल पट्टी घट्ट केली. त्याने शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बाटली काय, दवाखान्यात फुकट बघतात," तो हळूच म्हणाला. "वहिनी गेल्या, तू एकटा पडलास, म्हणून यायचो रे मी."

बाटली उचलून तो उठला. उंबरा ओलांडताना दुखरा पाय त्याला दोन्ही हातांनी उचलावा लागला. उद्या ये, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते.

"जिना जपून उतर," मी म्हणालो.