वडिलांच्या आजारपणासाठी

पगाराच्या दिवशी माझं डोकं सकाळपासून तापलेलं असायचं. लोकांचा एक तारखेला हात सैल होतो, माझा खिशावर घट्ट बसायचा. धुळ्याच्या ऑफिसात सही करून नोटा घ्यायच्या, खिशाला सेफ्टी पिन लावायची, संध्याकाळच्या एसटीनं दोंडाईच्याला जायचं आणि सगळा पगार आबांच्या खाटेवर ठेवायचा. मोजायचं काम त्यांचं. तीस वर्षांचा सरकारी कारकून मी, एका मुलीचा बाप, आणि खाटेसमोर दप्तर तपासून घेणाऱ्या पोरासारखा उभा.

आबा म्हणजे चिंधा मापाडी. चाळीस वर्षं दोंडाईच्याच्या मार्केटात त्यांनी दुसऱ्यांची मिरची तोलली. पगाराच्या ते तीन गड्ड्या करायचे. पहिली घरखर्चाची. ती मायकडे जायची. दुसरी पोस्टाच्या खात्याची. तिसरी सोन्याची. ती साठली की गुरुपुष्याचा दिवस बघून आबा स्वतः जळगावला जायचे आणि वाटाण्याएवढा तुकडा घेऊन यायचे. उरलेले दीडशे रुपये माझ्या हातावर ठेवून म्हणायचे, "पुरी जाई ना रे?"

नाही पुरायचे. धुळ्यात मी तिघांच्यात एक खोली घेऊन राहत होतो, खानावळीचं पाणचट वरण खात होतो. बायको कुंदा आणि चार वर्षांची मुलगी दोंडाईच्यात. शनिवारी रात्री घरी पोचायचं, सोमवारी पहाटे निघायचं. मुलगी मला पाहुणा समजायला लागली होती. एकदा तिनं कुंदाला माझ्यासमोरच विचारलं, "ह्या कवय जातीन?" मी परत कधी जाणार, हे माझीच पोर विचारत होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

मला धुळ्यात स्वतःची जागा हवी होती. दोन खोल्या, पत्र्याच्या का असेनात. मी तीनदा आबांजवळ विषय काढला. तिन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं.

"जमीन ताजवामा बसस का?"

"नही, आबा."

"मंग?"

संपलं. जे तोलता येतं तेच खरं, अशा माणसाशी काय बोलणार? चौथ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही. मी मग दुसरी वाट धरली, आणि ती धरताना मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

आमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीची कपात होते. किती कापायचे ते थोडंफार आपल्या हातात असतं. मी अर्ज दिला आणि शंभरची कपात चारशे करून घेतली. त्या महिन्यात तीनशे रुपये कमी आले तसे आबांनी नोटा पुन्हा मोजल्या, मग तिसऱ्यांदा.

"सरकारनी कपात वाढाई दिधी, आबा. बठ्ठासनीच." सगळ्यांचीच, म्हणून ठोकून दिलं मी.

"सरकार बी चोर व्हयी गयं!" आबा म्हणाले, आणि पुढचा आठवडाभर मार्केटात जो भेटेल त्याला सरकार नोकरांच्या पोटावर कसं पाय देतं ते सांगत सुटले. सोन्याची गड्डी बंद झाली. मी मान खाली घालून ऐकायचो. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू, पण आतून गुदगुल्याही व्हायच्या. दोन वर्षं हे असं चाललं.

एकोणीसशे नव्वदच्या एप्रिलमध्ये देवपुराच्या पलीकडे लालचंदशेठनं शेताचे प्लॉट पाडले. शेठचं धुळ्यात कापडाचं दुकान, जमिनीचा धंदा त्याच्या जोडीला. मी रोज संध्याकाळी चालत जाऊन त्या चुन्याच्या रेघा बघायचो. एकोणीस नंबरचा प्लॉट, कोपऱ्यावरचा. इसार चार हजार, बाकी हप्त्यानं. शेठ म्हणाला, "हिलालभाऊ, एकवीस मेपर्यंत थांबतो तुमच्यासाठी. बावीसला मी कुणाचा नाही."

चार हजार माझ्याच नावावर निधीत पडून होते, पण काढायचे तर अग्रिमाचा अर्ज करावा लागतो आणि अर्जात कारण लिहावं लागतं. कारणांची यादी ठरलेली. घरासाठी काढायला माझी नोकरी पुरेशी झालेली नव्हती. लग्न करायला घरात कुणी उरलेलं नव्हतं. मी हेडक्लार्क बडगुजरांच्या टेबलासमोर नुसता चुळबुळत उभा होतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वडील आहेत ना?"

"आहेत."

"मग त्यांचंच काहीतरी असेल. वयच आहे ते. नीट आठवून लिहा."

बडगुजर सरळ माणूस. त्यांना खरंच वाटलं की मी संकोचानं बोलत नाहीये. मी जागेवर आलो आणि लिहिलं, 'वडिलांच्या आजारपणासाठी.' त्याखाली मूतखड्याचं ऑपरेशन, उजवी बाजू, त्यानंतर एक महिना सक्तीची विश्रांती. ओळखीच्या एका डॉक्टरनं पन्नास रुपयांत चिठ्ठी दिली. लिहिताना कशाचा विचार करत होतो? एकोणीस नंबरच्या प्लॉटवर दार कुठल्या बाजूला ठेवायचं, ते मी त्या वेळी ठरवत होतो.

मंजुरी यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी दिवसातून चारदा आवक-जावकच्या टेबलाशी घुटमळायचो. अखेर अठरा मेला, शुक्रवारी, चार हजार हातात पडले आणि बडगुजर म्हणाले, "ऑपरेशन झालं म्हणता, मग दवाखाना कोणता? संध्याकाळी येतो बघायला."

"दवाखान्यात नाहीत ते," मी म्हणालो, "कालच घरी नेलं. दोंडाईच्याला."

मला वाटलं, सुटलो. मे महिन्याच्या उन्हात पंचावन्न किलोमीटर एसटीनं कोण जातंय? आपल्याकडे आजारी माणसाला बघायला लोक कुठून कुठून येतात, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! मीच अशा कितीतरी जणांच्या उशाशी बसून आलोय. पण माझ्या डोक्यात फक्त प्लॉट होता, आणि बाहेरगावी गेलेला शेठ सोमवारीच भेटणार होता.

रविवारी सकाळी दहाला दारात बडगुजर उभे. हातात नारळ आणि मोसंब्यांची पिशवी. मागे शिपाई निंबा, बिस्किटांचे पुडे घेऊन.

"आबा कसे आहेत? मूतखड्याच्या ऑपरेशनचा त्रास नाही ना फार?" बडगुजरांचा आवाज मोठा, ऑफिसात दोन खोल्यांपलीकडे जाणारा.

मागच्या अंगणात आबा लाकडं फोडत होते. कुऱ्हाडीचा आवाज पुढच्या ओट्यापर्यंत येत होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कुऱ्हाड थांबली. नोकरी गेली, मी मनात म्हटलं. खोटं कारण, खोटी चिठ्ठी, सरकारी पैसा. कुंदा दाराआडून माझ्याकडे बघत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"या ना," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आत गेलो तर आबा खाटेवर. छातीपर्यंत गोधडी, डोळे अर्धे मिटलेले. कपाळावर घाम होता, तो लाकडं फोडल्याचा, पण बडगुजरांना काय माहीत! माय चुलीपाशी उभी राहून बघत होती.

"यास्ले काय व्हयनं?" ती म्हणाली.

"तू च्या ठेव," आबा खोल आवाजात म्हणाले. "साहेब येल शेतस."

बडगुजर उशाशी बसले. "फार दुखतंय का?"

आबांनी हात डाव्या कुशीवर ठेवला आणि कण्हले.

"अर्जात उजवी लिहिलीय," बडगुजर माझ्याकडे वळले.

"खडा फिरस ना, साहेब," आबा म्हणाले. "एक जागे बठस थोडाच."

निंबा हळहळला. बडगुजरांनी मान डोलावली. मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि मी मोसंब्यांची पिशवी उचलून उगाच आत नेली, परत आणली. त्यांनी चहा घेतला, आबांना पथ्य सांगितलं. निघताना निंबा म्हणाला, "आबा, माझी सासुरवाडी इथलीच, मार्केटच्या मागे. मी येत जाईन अधूनमधून. महिनाभर हलू नका बरं." आबांनी त्याला हात जोडले.

ते गेल्यावर आबा उठून बसले. गोधडीची नीट घडी केली. मी उभाच. माय आणि कुंदा दारात. मी सगळं सांगितलं. कपात, दोन वर्षं, एकोणीस नंबर, चार हजार, अर्ज. माय मधेच ओरडली, "जिता माणूसनं आजारपण कागदवर लिखं तू? हात कसा धजावना?" आणि तिनं देवापुढे दिवा लावला. आबा गोधडीच्या घडीवरून हात फिरवत ऐकत होते. मला वाटलं, आता कुऱ्हाडीचा दांडा घेतील. घेतला असता तर बरं झालं असतं.

"तू माले घाबरस?" त्यांनी विचारलं.

मी बडगुजरांचा रिकामा कप उचलला.

"माले आजारी पाडानं तुले सोपं वाटनं," ते म्हणाले, "आन चौथा डाव इचारानं अवघड वाटनं."

'होय' हेच ह्याचं उत्तर होतं. मग ते म्हणाले, "जाय, इसार दी टाक. येल पैसा परत पाठाडाना नही. आन तुना पगार आते तूच वाट."

सोमवारी मी लालचंदशेठला चार हजार मोजून दिले. पावती घेतली. कोपऱ्यावर उभा राहिलो. ज्या जागेसाठी दोन वर्षं तडफडलो तिथं पाच मिनिटंही पाय ठरला नाही. गेलो तसा परत आलो.

एक जूनला पगार झाला. मधल्या शनिवारी लाजेपायी मी घरी गेलोच नव्हतो; आता पिन लावलेला खिसा घेऊन दोंडाईच्याला आलो. कुंदाला मी त्या रविवारीच सांगून ठेवलं होतं की आता आपला पगार आपल्या हातात, पावसाळ्यानंतर धुळ्याला जायचं. ती हसली नव्हती. आता मी कागद-पेन्सिल घेऊन ओट्यावर बसलो आणि तीन रकाने आखले. घर, पोस्ट, प्लॉट. घराच्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. किराण्याला किती लागतात? दूधवाल्याचे महिन्याला की आठवड्याला? पोस्टाचं खातं कधी पुरं होतं? कुंदा म्हणाली, तिला डाळ-तांदूळ ठाऊक, पैसे ठाऊक नाहीत. माय म्हणाली, "यास्ले इचार." मी खोडलं, पुन्हा लिहिलं. प्लॉटचा हप्ता आधी लावला तर दूध बसेना. कागद फाडला. दुसरा घेतला. पाच वेळा ओट्यावरून उठलो, पाच वेळा बसलो.

शेवटी आत गेलो. आबा खाटेवर होते, भिंतीकडे तोंड करून.

"दिनभर असाच पडेल ऱ्हातस?" मी मायला हळूच विचारलं.

"बारा दिन व्हयनात," माय म्हणाली. "पहाटमा अंगणमा दोन फेऱ्या मारतस, उजाडनं का परत खाटवर. मार्केटमा जात नहीत. तो निंबा दोन डाव यी गया. त्यानी सासरवाडीनं कोनी देखी लिधं तं तुनी नोकरी जाई म्हणतस."

चाळीस वर्षं ज्या माणसानं मिरचीच्या धुरळ्यात उभं राहून दिवस काढले, निवृत्त झाल्यावरही जो एक सकाळ मार्केट चुकवत नव्हता, तो बारा दिवस मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याखाली पडून होता. माझ्या हातात पूर्ण पगार होता, जन्मात पहिल्यांदा. मला तो फेकून द्यावासा वाटला. मी नोटा खाटेच्या कडेवर ठेवल्या, नेहमीच्या जागी.

"आबा, तुम्हीच वाटा. माले जमत नही."

ते वळले. नोटांकडे पाहिलं, हात लावला नाही. माझ्याकडे बघून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, एखाद्यानं एसटीची वेळ विचारावी तसं.

"कागदमा किती दिन लिखेल शेतस? मी कवय बरा व्हसू?"

"एक महिना," मी म्हणालो.

"मंग आजून अठरा दिन," आबा म्हणाले आणि त्यांनी गोधडी छातीपर्यंत ओढून घेतली.